कुर्माघरातला मुक्काम

१२ मार्च २००४

प्रिय कनीज,

तुझं पत्र मिळालं आणि पोलकंही मिळालं. पोलकं तू जुन्या मापाचं शिवलंस, त्यात तुझी काही चूक नाही. मागच्या पावसाळ्यात मीच दोऱ्याला गाठी मारून माप पाठवलं होतं आणि वर लिहिलं होतं, की बाई, जरा सैलच ठेव, आता माझी छाती पोटाला भेटायला निघाली आहे. ते वाचून बल्लारशाच्या त्या बोळात तू मशीन थांबवून किती हसली असशील, ते मला इथे जंगलात बसून कळलं होतं. आता तेच माप अंगावरून ओघळतं. दिव्यानीनं दोन्ही बाजूंनी टीप मारून दिली, तरी आत अजून एक सोमारी मावेल. रंग मात्र छान निवडलास. डाळिंबी. या वयात डाळिंबी घालायला मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

तू दिव्यानीच्या लग्नाच्या तयारीचं विचारलंस. तांदूळ कांडून झाला, मांडवासाठी जांभळाच्या फांद्या कोण आणणार ते ठरलं. नवरामुलगा धानोऱ्याला सायकलच्या दुकानात कामाला आहे, दारू पीत नाही, आणि दिव्यानीला तो आवडतो. एवढं पुरे. मग पत्राच्या अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं, तू विचारलंस की मी बाहेर आले का. नाही आले. दिवाळीनंतर मी कुर्माघरात येऊन बसले, ती होळी झाली तरी इथेच आहे. रक्त थांबत नाही, आणि रक्त थांबल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. लग्न वैशाखात आहे. माझ्या एकुलत्या एका पोरीला हळद लागेल तेव्हा मी तिथे असेन की इथे, एवढा एकच प्रश्न आता माझ्यापुढे आहे. बाकीचे सगळे आपोआप गळून पडले.

कुर्माघर म्हणजे काय हे तुला पहिल्यांदा कळलं तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं, आठवतं का? चामोर्शीच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. मी वसतिगृहातली, तू बाजारातल्या शिंप्याची मुलगी. आठवीत असताना भर वर्गात माझ्या परकराला डाग पडला, आणि तू आपली ओढणी माझ्या कमरेला बांधून मला सरळ घरी घेऊन गेलीस. तुझ्या अम्मीनं मला चुलीपाशी बसवलं. मी मागे सरकले. त्यांनी पुन्हा जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "इधर आ बेटी, आग के पास बैठ, पेट सेक ले." मला वाटलं, या बाईला काही समजलेलंच नाही. मी तुझ्या कानात सांगितलं, की आमच्यात अशा वेळी घरात पाऊल टाकत नाहीत, गावाबाहेर एक खोपटं असतं, त्यात जाऊन बसायचं. तू म्हणालीस, आमच्यात नमाज माफ होते, रोजे माफ होतात, पण घराबाहेर कोणी काढत नाही, उलट भांडी दुप्पट घासायला लावतात. मग आपण दोघी हसलो. त्या दिवशी तुझ्या अम्मीच्या हातचा गुळाचा चहा मी चुलीच्या इतक्या जवळ बसून प्यायले, की माझे गुडघे भाजले.

खोटं कशाला बोलू, कुर्माघराचं मला सगळंच कधी वाईट वाटलं नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा रोवणीच्या दिवसांत कंबर मोडेपर्यंत वाकायचं, घरी येऊन चूल, पाणी, सासू. मग महिन्याचे ते दिवस आले की पाठ टेकायला मिळायची. घरातून कोणीतरी भात आणून दगडावर ठेवायचं आणि लांब व्हायचं, आपण उचलून खायचं. आतमध्ये आम्ही चार बाया एकमेकींच्या उवा काढायचो, नवऱ्यांच्या नकला करायचो. पण पावसात छत गळायचं, आणि बुधूच्या बायकोला साप चावला तो इथेच. तिला उचलायला लवकर कोणी पुढे झालं नाही, कारण जो हात लावेल त्यानं अंघोळ केल्याशिवाय गावात शिरायचं नाही, आणि त्या दिवशी गावात देवाचं काम होतं. मी तेव्हापासून मनात म्हणत आले, की एकदा हे अंग कोरडं होऊ दे, मग मी या खोपटाकडे मान वळवूनही बघणार नाही.

चाळिशी उलटली आणि आपल्या पत्रांचा विषयच बदलला. पोरांच्या परीक्षा, सासवांच्या तक्रारी हे सगळं मागे पडलं. तू लिहिलंस, की भर जानेवारीत कूलर लावून बसतेस आणि बाबूभाई दोन दुलया घेऊन तुझ्या नावानं बोटं मोडतात. मी लिहिलं, की अंगणवाडीत पोरांना गाणं शिकवताना मधेच मानेपासून वाफ उठते, आणि पोरं विचारतात, "बाई, तुमाले ताप आला का?" तुझ्या हनुवटीवर केस आले, ते तुझा मुलगा शहबाज झोपला की तू आरशापुढे उपटत बसायचीस. मला कारण नसताना रडू यायचं. एकदा शेळीनं दुधाचं भांडं सांडलं म्हणून मी शेळीच्या गळ्यात पडून रडले. नवरा जवळ आला की कोरड्या जमिनीत नांगर घातल्यासारखं वाटतं, हे मी तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार होते? तू खोबरेल तेलाचा उपाय कळवलास. ते पत्र मी चुलीत घातलं, कारण देवरावला वाचता येतं. उपाय मात्र केला.

मग माझं पूर्ण थांबलं. वर्ष उलटून गेलं तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायांनी मला आपल्यात घेतलं. तुला माहीत आहे, देवराव गावदेवाचा पुजारी. त्याच्या घरची बाई म्हणून देवाचा नैवेद्य मी रांधायला हवा, पण जिचं अंग अजून कोरडं झालेलं नाही तिला आमच्यात ते काम देत नाहीत. आधी सासू रांधायची, ती गेल्यावर देवरावची म्हातारी आत्या. आत्याचे डोळे गेले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मागच्या भाद्रपदात नव्या तांदळाचा सण झाला. पहिला भात देवाला, मग माणसांना. त्या सकाळी मी ओढ्यावर अंघोळ करताना स्वतःच्या अंगाकडे नीट बघितलं. पोटाची कातडी सैल झालेली, मांड्यांवर रेघा, स्तन आपले खाली बघत बसलेले, दंडावरचं गोंदण सुरकुत्यांत मिसळलेलं. इतकी वर्षं हे अंग कधी देवरावचं, कधी पोरीचं, आणि महिन्यातले ते दिवस तर सगळ्या गावाचं. कोण कधी कुर्माघरात गेली आणि कधी बाहेर आली, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. त्या सकाळी ते नुसतं माझं होतं. आणि मला ते आवडलं, कनीज. मी त्याच्यावर सावकाश पाणी घातलं. मग जाऊन देवासाठी भात रांधला, आणि तो जरासुद्धा लागला नाही.

दिवाळीनंतर धान कापणीला आलं तेव्हा लुगड्याला डाग दिसला. मला काय वाटलं ते तुला सांगते. मला भीती वाटली नाही. मला वाटलं, अंगाला जाता जाता काहीतरी हौस आली असेल. मी आपल्या पायानं चालत कुर्माघरात आले. तरण्या पोरी मला बघून हसून लोळल्या. एक म्हणाली, "मावशी, तुमी काऊन इथी? पुन्ना नवरी होऊन राह्यल्या का?" मीही हसले. बुधूची म्हातारी माय ओढ्याकडे जाताना लांबून बोलली, "अंगात रग हाय तुह्या अजून, चांगलं हाय." सगळ्यांना ते चांगलंच वाटलं. मलासुद्धा. मी दहावी शिकलेली, अंगणवाडीत बायांना आरोग्याच्या चार गोष्टी सांगणारी, आणि मी त्या कौतुकानं खूश होऊन गवतावर आडवी झाले. आमच्या कुर्माघराला रक्त एकच ठाऊक आहे, बाईला दर महिन्याला येतं ते. दुसऱ्या कसल्या रक्तासाठी इथे नाव नाही आणि जागाही नाही. ईदनंतर तुझं पत्र आलं, की आयुष्यात पहिल्यांदा रमजानचे सगळे रोजे एका दमात झाले, मागाहून धरायचा एकही उरला नाही. ते मी इथेच वाचलं. मला तुझा आनंद झाला, आणि मग इतका हेवा वाटला, की मी उत्तरच पाठवलं नाही.

पोरी आल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. तुझ्या बल्लारशाच्या स्टेशनावर गाड्या येतात-जातात तशा, आणि मी इथली स्टेशनमास्तर. आता त्या हसत नाहीत. येतात, माझी घडी घातलेली कांबळी बघतात आणि आवाज खाली करतात. कमरेत कोणीतरी पाचर ठोकल्यासारखं दुखतं. वास येतो. पोरी तसं दाखवत नाहीत, पण दाराच्या बाजूला झोपायला सरकतात. नर्सबाई एकदा आली होती, लांबूनच बोलली, पाळी जाताना असं मागेपुढे होतं म्हणाली आणि लाल गोळ्या देऊन गेली. मग मी देवरावला निरोप दिला, की मला मोठ्या दवाखान्यात जायचं आहे. गावात जीप एकच, झाडू नावाच्या गड्याची. झाडू वाईट माणूस नाही, पण तो म्हणाला, "बाईले थांबू द्या, मंग म्या सोता नेतो. कुर्मातली बाई बसवली त जीपमंदी कोणी बसन का?" हे नीट वाच. दवाखान्यात जायचं तर आधी कुर्माघरातून बाहेर यायचं. बाहेर यायचं तर रक्त थांबायला हवं. आणि रक्त थांबत नाही म्हणून तर दवाखान्यात जायचं आहे. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळे थांबण्याची वाट बघत बसले.

अंगणवाडी माझी मदतनीस चालवते. पोरं कधीकधी इथवर येतात. दगडाच्या पलीकडे उभी राहून मला कविता म्हणून दाखवतात आणि विचारतात, "बाई, तुमी कवा येता?" मी म्हणते, येते, आलेच. एका चिमुरडीनं परवा दगडावर मोहाची फुलं ठेवली आणि पळून गेली. आमच्याकडे सध्या सगळीकडे मोहाचा वास आहे. वर्षभर या दिवसांची वाट बघायची सवय, पण यंदा तो वास नाकात गेला की मला मळमळतं.

मला सगळ्यात जास्त मोडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पौषात गावानं कौल लावला. कोंबडं दिलं, देवाला विचारलं, की ही बाई सुटत का नाही. निघालं असं, की नव्याचा भात रांधताना माझं अंग खरं कोरडं झालेलंच नव्हतं, रक्त आत लपून बसलेलं होतं, आणि विटाळाचा भात खाल्ला म्हणून देव रुसला. ज्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर खूश झाले होते, नेमकी तीच सकाळ त्यांनी काढून घेतली. देवराव तिथे होता, कनीज. तो पुजारी, त्याचं गावात ऐकतात. त्याला म्हणता आलं असतं, की तो भात मी खाल्ला, मला काही झालं नाही. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी भात घेऊन आला, दगडावर ठेवला आणि चिंचेच्या झाडाकडे बघत म्हणाला, "मी काय करू सांग. माह्या घरात देव हाय." मी त्याला म्हटलं, घरात देव आहे आणि बाहेर मी आहे, तू कुठे आहेस? तो रडत गेला. रोज भात मात्र तोच आणतो, दुसऱ्या कोणाला आणू देत नाही, आणि भाजीत माझ्या आवडीची आंबाडी घालतो. मला त्याची दया येते आणि त्याच्यावर राग येतो, आणि राग जास्त आहे. तीस वर्षं संसार केला म्हणून राग कमी होत नाही. उलट त्यानंच वाढतो.

दिव्यानीचे दिवस आले की ती इथे येते. तेवढे दिवस माझी पोर माझ्याजवळ असते. ती मला धुते, माझे कपडे ओढ्यावर नेते, माझ्या विरळ झालेल्या केसांची वेणी घालते. बाहेर असताना तिला माझ्या अंगाला हात लावता येत नाही, म्हणून ती दर महिन्याला इथले दिवस लांबवते. अजून संपलं नाही म्हणून सांगते आणि बसून राहते. मी एकदा रागावले, तर म्हणाली, "तुह्याजवळ झोपाले मले दुसरी जागा नाई." बायांनी कुर्माघराला कितीही शिव्या दिल्या तरी कुठली पोर इथे हौसेनं येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि आता तिनं हट्ट धरला आहे, की आई बाहेर आल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. तारीख पुढे ढकला म्हणते. मुलाकडच्यांनी एकदा ढकलली, दुसऱ्यांदा ढकलणार नाहीत. कौलाची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली आहे. मुलगा तेवढा तिच्या बाजूनं उभा आहे, पण त्याचंही घर आहे, त्याच्याही घरात चार म्हाताऱ्या आहेत. ती माझ्यासाठी थांबली तर हे लग्न राहणार नाही. त्यानंतर पुजाऱ्याच्या घरची, देव रुसलेल्या घरची पोर म्हणून तिला कोण विचारेल? मला तिच्या हळदीला जायचं आहे, कनीज. मला दुसरं काही नको होतं. पण ती माझी वाट बघेल, ही भीती आता त्याहून मोठी झाली आहे.

कारण मी वाट बघणं सोडलं आहे. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. माघात दिव्यानी इथे आली तेव्हा आम्ही दोघी मागच्या अंगानं जंगलातून सडकेवर गेलो आणि एसटी धरून गडचिरोली गाठली. कुर्माघरातल्या बाया आत आहेत की नाहीत हे बघायला कोणी येत नाही, देवराव भात ठेवून लांबूनच जातो. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं मला हात लावला. इतक्या दिवसांनी माझ्या पोरीखेरीज कोणीतरी मला हात लावला, आणि मी तपासणीच्या टेबलावरच हुंदके देत सुटले. तिला वाटलं दुखलं. तिनं तुकडा काढून तपासायला पाठवला. या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. मी दिव्यानीला बाहेर बाकावर बसवलं आणि एकटी आत गेले. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे, आणि तो तिथे थांबलेला नाही, लघवीच्या पिशवीपर्यंत पोचला आहे. नागपूरला जाऊन किरणांचे शेक घेतले तर रक्त कमी होईल, दुखणं कमी होईल. बरं होईल असं मी म्हणणार नाही, असं तिनं माझा हात धरून सांगितलं. मी विचारलं, आधी आले असते तर? ती म्हणाली, "एकदा थांबलं, वर्ष गेलं, आणि मग नुसता डाग जरी दिसला, तरी बाईनं त्याच आठवड्यात यायला हवं. ती पाळी नसते." एवढंच वाक्य होतं, कनीज. एवढं वाक्य मला दिवाळीत कोणी सांगितलं असतं, तर मी हसणाऱ्या पोरींमध्ये जाऊन बसले नसते. बाहेर येऊन मी दिव्यानीला म्हटलं, अशक्तपणा आहे. तिला मी केळी घेऊन दिली आणि ती सगळ्या वाटेनं आनंदानं बोलत आली.

म्हणून हे पत्र. नागपूरचं लग्नानंतर बघेन, तेव्हा बघण्यासारखं काही उरलं तर. आता गेले तर सगळं बाहेर फुटेल आणि पोरगी मांडवातून उठून माझ्यामागे येईल. तू ये. हळदीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं सडकेवर उतर. गावातून येऊ नकोस, ओढ्याच्या काठानं ये, म्हणजे आधी माझ्याकडे पोचशील. मला बघून घाबरू नकोस, मी बरीच आटले आहे. मी इथे हळद भिजवून ठेवीन, दिव्यानीनं मागच्या खेपेला आणून दिलेली. तुझे दोन्ही हात मला दे. मी तुझ्या तळव्यांवर माझ्या हातांनी हळद चोळीन, जशी तिच्या गालांवर चोळली असती तशी, आणि तू तेच हात घेऊन मांडवात जा आणि तिच्या तोंडावरून, मानेवरून, दंडांवरून फिरव. तिच्या कानात सांग, की ही आईनं लावलेली आहे. मग ती हट्ट सोडेल. तू परक्या गावची, परक्या धर्माची पाहुणी, तू कुठून आलीस हे तुला कोणी विचारणार नाही. देवाचं काय ते मी बघून घेईन, माझं त्याच्याकडे येणं आहे. लग्न पार पडलं आणि माझं काय व्हायचं ते झालं, की डॉक्टरीणबाईचं ते वाक्य तिला सांग, पुन्हा पुन्हा सांग, तिच्या पन्नाशीत आपण दोघी नसू. आणि आता शेवटचं, हे विसरू नकोस. मांडवाच्या दारात बाया तुझ्यापुढे पाण्याचा लोटा धरतील, आमच्याकडे पाहुण्याला तसा देतात. तू पाय धू, तोंड धू, चूळ भर. हात धुऊ नकोस.

तुझीच,
सोमारी